मुलांना तुकोबा सांगताना सुरुवात दुष्काळापासून करावी

लहान मुलांना संतांची चरित्रे सांगताना आपण बहुतेक वेळा चमत्कारांपासून सुरुवात करतो. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या कोरड्या वर आल्या, जनाबाईंचे दळण विठ्ठलाने दळले, नामदेवांच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला, हे प्रसंग रंगवून सांगितले की मुले डोळे विस्फारून ऐकतात आणि सांगणाऱ्यालाही समाधान वाटते. या कथांविषयी माझ्या मनात आदर आहे. मी त्यांच्यावरच वाढले आणि त्या गाळून टाकाव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र देवावर विश्वास ठेवणे म्हणजे काय हे मुलांपर्यंत पोहोचवायचे असेल, तर एवढ्याने भागत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. नुसत्या चमत्कारांतून मुलाच्या मनात एक सरळ हिशेब तयार होतो: मनापासून हाक मारली की देव धावून येतो आणि अडचण दूर करतो. पुढे घरात कोणी आजारी पडते, मूल हात जोडून मनापासून हाक मारते, आणि तरीही ते माणूस जाते. तेव्हा त्या हिशेबातून दोनच उत्तरे निघतात. एक तर माझी भक्ती कमी पडली, नाही तर देव नाहीच. आठ-नऊ वर्षांच्या जिवाने यांपैकी कोणतेही उत्तर घेऊन झोपी जावे, असे मला वाटत नाही.

रविवारी सकाळी आमच्याकडे मुले जमतात. सर्वसाधारणपणे आठ ते तेरा वर्षांची ही मुले थोडे पाठांतर करतात, थोडे गातात आणि एखादे चरित्र तुकड्यातुकड्यांनी ऐकतात. या मुलांना देवावरच्या विश्वासाविषयी काही सांगायचे असले की मी तुकोबांकडे वळते. त्याचे मुख्य कारण असे की तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगून ठेवली आहे. पुढे महीपतींनी आणि इतरांनी लिहिलेली चरित्रे भक्तीने ओथंबलेली आहेत आणि त्यांतील प्रसंगही मी सांगते. पण ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ या अभंगात तो माणूस स्वतः आपल्यासमोर बसून बोलतो. संतांनी विचारले म्हणून तो सांगतो, आणि तेही संकोचाने: ‘नये बोलों परि पाळिलें वचन’. स्वतःविषयी बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून बोलतो, हा सूर मुलांना फार लवकर कळतो, कारण आपल्याविषयी विचारल्यावर अवघडून जाणे त्यांच्या परिचयाचे असते.

त्या अभंगातील क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि मुलांना सांगताना तो बदलू नये असा माझा आग्रह असतो. तुकोबा सुरुवातीलाच आपले दुःख सांगतात. आईवडील गेले, दुष्काळाने पैसा आटला, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करीत मेली, व्यापारात तोटा आला आणि लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. या सगळ्यानंतर देवाचे देऊळ येते. कवित्वाची स्फूर्ती तर कितीतरी पुढे, तेराव्या-चौदाव्या कडव्याच्या सुमारास येते. म्हणजे विश्वासाची गोष्ट सांगणारा हा माणूस सर्वस्व हातातून निसटले त्या जागेपासून बोलायला लागतो.

म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. देहू हे इंद्रायणीकाठचे गाव. तुकोबांचे जन्मवर्ष साधारणपणे १६०८ मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. घरात महाजनकी, व्यापार आणि सावकारी. दारात विठ्ठलाचे देऊळ आणि पिढ्यान्पिढ्यांची पंढरीची वारी. हे सगळे मी सावकाश सांगते, कारण जे गेले ते किती होते हे कळल्याशिवाय त्याचे जाणे कळत नाही. थोरल्या सावजींचे मन संसारात नव्हते, त्यामुळे कारभार लहान वयातच तुकोबांवर आला. मग आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. आणि मग १६३० ते १६३२ चा तो भयंकर दुष्काळ आला, ज्यात दख्खन आणि गुजरात या दोन्ही मुलखांत माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून तडफडून मेली. तुकोबांच्या घरात पहिली पत्नी रखुमाबाई गेल्या आणि लहानगा संतूही गेला. तुकोबा तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते.

‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ ही ओळ मी मुलांना जशीच्या तशी वाचून दाखवते आणि वाचल्यानंतर काही वेळ बोलत नाही. एकदा ही ओळ ऐकून नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, “काकू, मग विठोबाने त्यांना जेवायला का नाही दिलं?” वर्गातील मोठ्या मुलांनी त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने काही भलतेच विचारले होते. मी त्याला सांगितले की तू विचारलेस तो या चरित्रातला सर्वांत खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पूर्वजन्म, प्रारब्ध, देवाची परीक्षा असली ठेवणीतली उत्तरे हाताशी असतात, पण भुकेने मेलेल्या बाईविषयी एखादे मूल कळवळून विचारत असताना ती पुढे करणे मला योग्य वाटत नाही. मी त्याला इतकेच म्हणाले की हा प्रश्न तुकोबांनाही पडला असणार, आणि त्यांनी तो गिळून टाकला नाही. ज्याच्याविषयी तो होता त्याच्याकडेच ते तो घेऊन गेले. त्या मुलाचे समाधान झाले की नाही हे मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी तो घरी जाताना नेहमीसारखा पळत सुटला नाही, देऊळ कुठे होते, ते त्यात एकटेच बसायचे का, असे काहीबाही विचारत दारापाशी रेंगाळला.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत आणि ते सगळेच मुलांपुढे ठेवण्यासारखे नाहीत. बायको मेली, पोर मेले, बरे झाले, अशा अर्थाचे त्यांचे काही अभंग आहेत. ज्याने दुःख पचवून पलीकडचा तीर गाठला आहे त्याचे ते उद्गार आहेत, आणि ते कळायला आयुष्याचा बराच भाग जावा लागतो. लहान मुलाला त्यातून एवढेच ऐकू येईल की देवावर विश्वास असला की आपली माणसे गेल्याचे दुःख करायचे नसते. हे शिकवणे मला घातक वाटते. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंगही मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत राखून ठेवते, आणि तेव्हाही आधी दुष्काळाची ओळ, मग बऱ्याच आठवड्यांनी हा अभंग, असाच क्रम ठेवते. दिवाळे निघाले ते बरे झाले असे म्हणणारा माणूस आधी ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’ असेही म्हणाला होता, हे ठाऊक नसेल तर पहिले वाक्य नुसती ऐट वाटते.

सगळे गमावल्यावर तुकोबांनी काय केले, हा चरित्रातील भाग माझ्या दृष्टीने मुलांच्या सर्वांत उपयोगाचा आहे, आणि नेमका तोच आपण दोन वाक्यांत उरकतो. ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥’ घरचे जुने देऊळ मोडकळीला आले होते. ते नीट करावे असे मनात आले आणि त्यांनी ते हाती घेतले. माती आणणे, ती कालवणे, भिंती उभारणे ही कामे त्यांनी आपल्या हातांनी केली असे चरित्रकार सांगतात. त्यानंतर एकादशीला कीर्तन सुरू केले, आणि त्या वेळची आपली अवस्था तुकोबा किती सरळपणे सांगतात पाहा: ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. मन लागत नव्हते. मग संतांची काही वचने पाठ केली, ‘विश्वासें आदरें करोनियां’. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून त्यांचे ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरले.

हा विश्वास एका रात्रीत आकाशातून उतरलेला नाही. हाताला एक काम, तोंडाला काही पाठ केलेली वचने आणि गाणाऱ्यांच्या मागे उभे राहायला एक जागा, एवढ्या सामग्रीवर तो हळूहळू उभा राहिला. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांच्या वाणीच्या आधाराने उभे राहत राहत तुकोबांची स्वतःची वाणी नंतर फुटली. मुलांना हे सांगितले की त्यांना मोठा दिलासा मिळतो, असा माझा अनुभव आहे. पुष्कळ मुलांना मनातून वाटत असते की प्रार्थनेच्या वेळी आपले मन भलतीकडेच जाते, म्हणजे आपण काही चांगले भक्त नाही. तुकोबांचेही मन आधी लागत नव्हते आणि तरी ते उभे राहिले, हे कळल्यावर त्यांचे खांदे सैल होतात.

म्हणूनच आमच्या वर्गात आम्ही विश्वासावर प्रवचन करीत नाही. मुलांना ध्रुपद धरायला लावतो. ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां ॥’ हे एक मोठे मूल म्हणते आणि बाकीची मागे धरतात. टाळ चुकतात, एखाद्याचा स्वर भरकटतो, कोणी शेजाऱ्याला कोपराने ढोसतो, आणि तरीही चौथ्या-पाचव्या आवर्तनापर्यंत सगळ्यांचे मिळून काहीतरी एक होते. ‘चालों वाटे आम्ही तुझा चि आधार । चालविसी भार सवें माझा ॥’ या ओळीत माझे ओझे देव काढून घेतो असे म्हटलेले नाही. माझ्यासह माझे ओझेही तो चालवतो असे म्हटले आहे. मी हा अर्थ एकदाच सांगते. पाठ झालेली ओळ मुलाजवळ राहते, आणि तिचा उपयोग त्याला कधी होईल हे मी ठरवू शकत नाही. एखाद्या परीक्षेच्या आदल्या रात्री होईल, किंवा मी या जगात नसेन तेव्हा रुग्णालयाच्या एखाद्या बाकावर होईल.

खतांचा प्रसंग मला वैयक्तिकरीत्या फार प्रिय आहे. घरी सावकारी असल्याने लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते, म्हणजे कर्जाचे कागद, तुकोबांकडे होते. दुष्काळाने नागवलेल्या लोकांकडून ते वसूल करणे त्यांच्या मनाला पटेना आणि त्यांनी ते इंद्रायणीत बुडवायचे ठरवले. मुलांना येथपर्यंत सांगितले की ती टाळ्या वाजवतात. पण चरित्रात पुढे एक तपशील आहे आणि तो बहुतेक सांगणारे गाळतात. धाकट्या कान्होबांचे म्हणणे पडले की आपल्याला संसार करायचा आहे. तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा नदीत सोडला. माझा देवावर भरवसा आहे म्हणून मी तुझेही बुडवतो, असे ते म्हणाले नाहीत. देवावरचा विश्वास ज्याचा त्याने पेलायचा असतो, दुसऱ्याच्या वाट्याचा विश्वास आपण परस्पर उधळायचा नसतो, ही समज त्या एका कृतीत आहे. यावर मुले आपसांत पुष्कळ वाद घालतात. कान्होबा चुकले का, असे मी विचारते तेव्हा निम्मी मुले हो म्हणतात आणि निम्मी नाही म्हणतात, आणि मी कोणाचीच बाजू घेत नाही, कारण तुकोबांनीही धाकट्या भावाला दोष दिल्याचे या प्रसंगात कुठे येत नाही.

तुकोबांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाई यांच्याविषयी मात्र मी बाजू घेते आणि अगदी उघडपणे घेते. कीर्तनांतून, नाटकांतून आणि पाठ्यपुस्तकी गोष्टींतून त्यांना भांडखोर आवली म्हणून रंगवण्याची इतकी सवय झाली आहे की मुले त्यांचे नाव घेताच हसायला लागतात. उसाच्या मोळीची गोष्ट निघाली, वाटेत पोरांना ऊस वाटत वाटत तुकोबा एकच ऊस घेऊन घरी आले आणि जिजाबाईंनी तोच त्यांच्या पाठीवर मारला, की हशा पिकतो. ती गोष्ट मीही सांगते. पण त्याआधी मी मुलांना विचारते की त्या दिवशी घरात किती माणसे जेवायची होती. काशी, भागीरथी, गंगा या मुली, महादेव आणि विठोबा हे मुलगे, आणि चुलीवर काय शिजवायचे याची रोजची चिंता एकट्या बाईला. तुकोबांनी आपला भार विठ्ठलावर टाकला तेव्हा घराचा भार कोणाच्या डोक्यावर आला, हा प्रश्न मुलांनी विचारलाच पाहिजे. तो विचारल्याने तुकोबा लहान होत नाहीत.

मुलांना आम्ही एकदा भंडाऱ्याच्या डोंगरावर नेले होते. तुकोबा चिंतनासाठी भामचंद्रावर आणि भंडाऱ्यावर जाऊन बसत, आणि जिजाबाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन भंडारा चढत, अशी परंपरा आहे. आमची मुले पायांत बूट आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढली, आणि तरी अर्ध्या वाटेवर बसायला लागली. तिथे मी सांगितले की जिजाबाई देवाला, त्या काळ्याला, शिव्या देत देत ही वाट चढत असत आणि नवऱ्याने खाल्ल्याशिवाय स्वतः खात नसत. एका मुलीने डोंगराच्या माथ्याकडे पाहून विचारले, “रोज?” मी हो म्हटले. ती म्हणाली, “मग त्यांचाही विश्वास होताच की.” मी तिला ते सुचवलेले नव्हते. जिजाबाईंच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला विठ्ठल स्वतः आला, ही कथा त्यानंतर मी सांगितली. त्या चढणीवर बसून ऐकताना कथेतला काटा मुलांना जितका खरा वाटला, तितका घरातल्या सतरंजीवर कधी वाटला नसता.

आता वह्यांच्या प्रसंगाकडे येते, कारण तो टाळून कोणाचेच समाधान होणार नाही. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला की शूद्राने असे कवित्व करण्याचा अधिकार नाही, आणि तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. हे प्रथम मुलांना नीट कळले पाहिजे: एका माणसाला त्याच्या जातीवरून सांगितले गेले की देवाशी बोललेले शब्द तू लिहायचे नाहीस. ‘निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें ॥’ असे तुकोबा म्हणतात. पूर्वी खते बुडवली तेव्हा ती त्यांच्या इच्छेने बुडवली होती. या वेळी जे बुडाले ते त्यांचे सर्वस्व होते आणि बुडवायला भाग पाडणारे दुसरे होते. मग ते देवळासमोर शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. ‘बुडविल्या वहया बैसलों धरणें । केलें नारायणें समाधान ॥’

धरणे धरून बसणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. ज्याच्याकडे आपले काही येणे आहे त्याच्या दाराशी जाऊन, दार उघडेपर्यंत न खाता बसून राहायचे. रिकाम्या घराच्या दाराशी असे कोणी बसत नाही. आत कोणीतरी आहे, तो ऐकतो आहे आणि आपले त्याच्याशी नाते आहे, याची खात्री असल्याशिवाय माणूस तेरा दिवस दगडावर पडून राहणार नाही. आपण मुलांना शिकवतो की विश्वास म्हणजे निमूटपणे हात जोडणे. तुकोबांचा विश्वास मात्र विठोबाच्या दाराशी हट्ट धरून बसतो, रागावतो, त्याला त्याच्या ब्रीदाची आठवण करून देतो. वैतागाच्या एका क्षणी तर ते ‘माझे लेखीं देव मेला’ असेही म्हणून मोकळे होतात.

ही ओळ मी सहसा कोणाला सांगत नाही, पण एका मुलीला ती मुद्दाम सांगितली होती. तिची आजी गेली होती आणि ती गाताना ओठ मिटून बसत असे. कारण विचारल्यावर ती म्हणाली की मी आता देवाशी बोलत नाही. मी तिला ही ओळ म्हणून दाखवली. तिने दोनदा विचारले, “तुकाराम महाराज असं म्हणाले?” आणि मग थोड्या वेळाने, “मग नंतर बोलले का?” मी कपाटातून गाथा काढून तिच्या मांडीवर ठेवली. ते जाड पुस्तक तिला दोन्ही हातांनी धरावे लागले. हे सगळे बोलणेच आहे, असे मी तिला म्हणाले. ती त्या दिवशीही गायली नाही, आणि गायलीच पाहिजे असे मला वाटतही नव्हते.

वह्या वर आल्या. तुकोबांनी स्वतः तसे म्हटले आहे: ‘उदकीं राखिलें कागद । चुकविला जनवाद’. पण ज्या अभंगात ही ओळ आहे त्याची सुरुवात मुलांना आवर्जून ऐकवावी अशी आहे: ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला’. देवाने माझी लाज राखली म्हणून तुकोबा विजयाची पताका मिरवत नाहीत. मी फार मोठा अन्याय केला, लोकांच्या बोलण्याने मन क्षुब्ध करून घेऊन तुला कष्ट दिले, असे म्हणून ते कळवळतात. मागितलेले मिळाल्यावर ज्याला देवाच्या श्रमांची खंत वाटते, त्याचे नाते काही देवाणघेवाणीचे नाही. मुले हे सहज ओळखतात, कारण हट्टाने आईकडून काही मिळवल्यावर आईचा दमलेला चेहरा पाहून त्यांनाही असेच काहीतरी झालेले असते. चमत्काराची कथा एवढा पुढचा-मागचा भाग जोडून सांगितली, तर ती सांगायला मला काहीच अडचण वाटत नाही. रामेश्वरभट पुढे तुकोबांचे भक्त झाले आणि ‘आरती तुकारामा’ ही आरती त्यांनीच रचली, हे सांगितले की मुलांना विलक्षण आनंद होतो, आणि मलाही होतो.

आईवडिलांशी बोलताना मी एक विनंती नेहमी करते. देव बघतो आहे, तो शिक्षा करील, असे म्हणून मुलांना दटावू नये. खोटे बोललास म्हणून पडलास, नमस्कार केला नाहीस म्हणून गुण कमी पडले, या वाक्यांनी दिवसभर जे पेरले जाते ते रविवारच्या एका तासात उपटून काढता येत नाही. ज्याची भीती घातली त्याच्याच हातात हात द्यायला मुलाला सांगणे हा मुलावर अन्याय आहे. ‘अर्भकाचे साठीं । पंते हातीं धरिली पाटी ॥’ असे तुकोबा म्हणतात; लेकराला शिकवायचे म्हणून पंतोजी स्वतः पाटी हातात घेतो आणि संतही तसेच आधी स्वतः करून दाखवतात. घरात पैशाची ओढाताण असताना, कोणाचे तरी तपासणीचे निष्कर्ष यायचे असताना, आईबाप काय बोलतात आणि कसे वागतात, हे मूल दाराआडून पाहत असते. त्या वेळी आपल्याला भीती वाटते आहे हे मुलाला सांगावे आणि त्याच्याबरोबर बसून चार ओळी म्हणाव्यात. भीती लपवून विश्वासाचे सोंग आणण्यापेक्षा हे बरे, कारण सोंग मुलांना पहिल्या क्षणाला कळते.

शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, तो प्रसंग मुलांना आवडतो आणि त्यावर फार बोलावे लागत नाही. ‘दिवट्या छत्री घोडे। हें तों बऱ्यांत न पडे’ ही ओळ ती नुसत्या ठेक्यावर पाठ करतात. वैकुंठगमनाविषयी मोठी मुले खोदून विचारतात. १६५० मध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबा या जगातून गेले. वारकरी ते सदेह वैकुंठाला गेले असे मानतात आणि ती तिथी बीज म्हणून पाळतात, असे मी सांगते. यावर माणसांची मते निरनिराळी आहेत हेही मोठ्या मुलांपासून लपवत नाही. लहानांना त्या टप्प्यावर वेगळाच प्रश्न पडतो. मागे राहिलेल्या जिजाबाईंचे आणि मुलांचे काय झाले?

हा प्रश्न आला की मला बरे वाटते, कारण त्याचे उत्तर मोठे आहे. तुकोबा गेले तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. नंतर मुलगा झाला, त्याचे नाव नारायण. त्याने वडिलांना कधी पाहिले नाही. आईने सांगितलेल्या आठवणी, गावाने सांगितलेल्या गोष्टी आणि पाठ झालेले अभंग, एवढ्यावरच त्याला वडील कळले. याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून, वाटेत आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका बरोबर घेऊन, पंढरपूरला जायची प्रथा सुरू केली. पुढे दोन्ही पालख्या वेगळ्या झाल्या, आणि देहूहून तुकोबांची पालखी आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवते. यंदा मोठ्या मुलांना त्या दिवशी देहूला न्यायचे ठरले आहे. लहान मुलांनीही येण्याचा हट्ट धरला आहे, आणि ‘जेथें जातों तेथें’ पूर्ण पाठ झाला तर त्यांनाही न्यायचे मी कबूल केले आहे.